आधीं स्वतःस टोंचून

१६ जानेवारी २०२१ रोजीं देशांत कोरोनाची लस टोंचण्यास प्रारंभ झाला, तो आरोग्यसेवकांपासून. आमच्या छत्रपती संभाजीनगरांत, म्हणजे तेव्हांच्या औरंगाबादेंत, शेजारपाजारीं एकच विचारणा होती : 'घाटी'तल्या डॉक्टरांनीं घेतली काय? ('घाटी' म्हणजे १९५६ सालीं निघालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय.) रोग्याजवळ रोज उभा राहणारा मनुष्य आधीं सुरक्षित असावा, एवढाच सरकारचा हेतु. लोक मात्र त्या टोंचणीकडे साक्ष म्हणून पाहत होते. एरवीं दुसऱ्यास पथ्य सांगून आपण अपरात्रीं थंडगार जेवणारा हा वर्ग. पण सांथींत त्याचें स्वतःस जपणें खाजगी राहत नाहीं.

हें प्रथम स्पष्ट दिसलें तें प्लेगच्या मुंबईंत. रोग वैद्यास सोडीत नाहीं, याचा दाखला ताजा होता : १८९४ सालीं हाँगकाँगांत जपानचे डॉक्टर आओयामा यांस रोगाचा अभ्यास करतांनाच प्लेगनें गांठलें, ते वांचले हें सुदैव. १८९६ च्या सप्टेंबरांत डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनीं मांडवी भागांत हा रोग ओळखला, आणि ऑक्टोबरांत वाल्डेमार हाफकिन मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांस एक खोली व एक ओसरी मिळाली. मदतीस एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर तीन महिन्यांत त्यांनीं मृत जंतूंची लस सिद्ध केली. हाफकिन हे वैद्यकीचे पदवीधर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. ही गोष्ट कित्येक इंग्रज डॉक्टरांस फार दिवस खुपत होती.

१० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं १० घन सेंटिमीटर लस स्वतःस टोंचून घेतली. ताप आला, टोंचलेली जागा दुखली, आणि ते बरे झाले. १८९२ सालीं पॅरिसांत कॉलऱ्याची लसही त्यांनीं अशीच आधीं आपल्या अंगीं घेतली होती. केवळ आत्मरक्षणच करावयाचें असतें, तर पुढें लोकांस दिली त्याहून कितीतरी मोठी मात्रा घेण्याचें कारण नव्हतें. परंतु त्या वेळीं लोक रोगाइतकेच सरकारी उपायांस भीत. घरझडती, सक्तीचें इस्पितळ, यांची धास्ती अशी कीं, त्याच वर्षीं २२ जून रोजीं पुण्यांत रँडवर गोळी झाडली गेली. अशा लोकांपुढें ठेवण्यास स्वतःच्या देहावांचून वैद्याजवळ होतें काय? महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगांतील कैद्यांनीं स्वेच्छेनें लस घेतली. कैद्याची स्वेच्छा ती कितपत, हें वाचकांनींच ठरवावें.

या साक्षीसही मर्यादा होती. १९०२ सालीं पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं एकाच बाटलींतील लस घेतलेले १९ जण धनुर्वातानें मेले. बाटली उघडतांना चिमटा भुईवर पडला होता. लस निर्धोक आहे हें हाफकिन यांच्या देहानें दाखविलें होतें. चिमट्याची हमी तो देह कोठून देणार? त्यांच्यावरील ठपका दूर होण्यास १९०७ साल उजाडलें. १९२५ सालीं मुंबईच्या प्रयोगशाळेस त्यांचें नांव देण्यांत आलें, तेव्हां त्यांस हिंदुस्थान सोडून सुमारें दहा वर्षें झालीं होतीं.