पाते उचलणाऱ्या दोराची कुळकथा

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत आणि कॅनडात हिवाळ्यात घरापुढचा रस्ता मोकळा करायला लोक चारचाकी एटीव्हीला पुढून लोखंडी पाते जोडतात. ते वर-खाली करण्याचे काम गाडीच्या तोंडाशी बसवलेला विजेवरचा विंच करतो. ड्रमवरची पोलादी तार आकड्याने पात्याला अडकवलेली असते. बटण दाबले की पाते उचलले जाते, उलटे दाबले की जमिनीला टेकते. काही काळ हे सुरळीत चालते, मग तार तुटते, आणि बहुधा एकाच ठिकाणी तुटते: फेअरलीडच्या, म्हणजे तारेला बाहेर वाट देणाऱ्या चौकटीच्या, रुळावरून ती खाली वळते तिथे. तिच्या जागी आज अनेक जण कृत्रिम धाग्याचा दोर लावतात. पोलादाहून मजबूत दोर मिळाला म्हणून तार मागे पडली, असे याचे कारण सर्रास सांगितले जाते. मला ते पटत नाही. असे पाते साधारण साठ-सत्तर किलोचे असते, तर ते उचलणारा विंच बहुधा 2,500 पौंडांचा, म्हणजे सुमारे 1,130 किलो ओढू शकणारा. तारेची ताकद कुठेच कमी पडत नव्हती. तिला मारले ते पुन्हा पुन्हा वाकण्याने. या दोराचे कूळ शोधत मागे गेले, तर नवा धागा हा तारेचा शत्रू नसून तिच्याच वंशातला निघतो.

हे कूळ जर्मनीतल्या हार्ट्झ पर्वतात, क्लाउस्थालच्या चांदी-शिशाच्या खाणींत सुरू होते. तिथे खनिज वर काढायला हेम्पच्या वाखाचे दोर आणि लोखंडी साखळ्या वापरत. वाख ओलाव्याने कुजे. साखळीची अडचण वेगळी होती: शंभर कड्या धड असल्या तरी एक कडी गेली की सगळेच गेले, आणि ती कडी जाण्याआधी काही सांगतही नसे. विल्हेल्म आल्बर्ट हा तिथला खाण अधिकारी. 1829 च्या सुमारास त्याने साखळ्यांवर तेच ओझे पुन्हा पुन्हा टाकून पाहण्याचे प्रयोग केले. एकदा सहज पेललेले ओझे हजारो वेळा पेलताना लोखंड तुटते, हे त्याने दाखवले. धातूच्या थकव्याचा अभ्यास म्हणून आज ज्याची नोंद होते, त्याची सुरुवात इथली. आणि याच माणसाने 1834 मध्ये तारेचा दोर वळला. साडेतीन मिलिमीटर जाडीच्या चार तारांचा एक पेड, असे तीन पेड, सगळे हाताने पिळलेले. त्या वर्षी जुलैमध्ये कॅरोलिन खाणीत तो कामाला लागला. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या हातून झाल्या हा योगायोग मी मानत नाही. साखळी का थकते हे कळलेल्या माणसालाच ओझे अनेक बारीक तारांत वाटून द्यावेसे वाटले. एक तार तुटली तर उरलेल्या अकरा धरून ठेवतात, आणि बारीक तार जाड सळईपेक्षा वाकणे कितीतरी अधिक सोसते.

पुढचा प्रसार झपाट्याने झाला. जॉन रोब्लिंगने 1841 मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या सॅक्सनबर्ग गावी तारेचे दोर वळायला घेतले आणि पुढे ते झुलत्या पुलांवर नेले. मात्र या प्रसारात कारागिरांनी एक पथ्य कायम पाळले: तार ज्या चाकावरून फिरते ते चाक तारेच्या जाडीच्या कितीतरी पट मोठे हवे. खाणीच्या तोंडावरची ती प्रचंड चाके शोभेसाठी नव्हती. क्रेनमध्येही ही पट साधारण अठरा किंवा त्याहून जास्त ठेवण्याचा प्रघात आहे. आता एटीव्हीचा विंच पाहा. ड्रमचा व्यास सव्वातीन सेंटिमीटरच्या आसपास, तारेची जाडी पाच मिलिमीटरला थोडी कमी. पट येते सहा-सात.

विंच करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. हा विंच मुळात वेगळ्या कामासाठी जन्मला. सिएटलच्या आर्थर वॉर्नने 1948 मध्ये युद्धातून उरलेल्या जीपसाठी चाकांची हब बनवायला सुरुवात केली, आणि त्याच्या कंपनीने 1959 मध्ये हौशी वाहनचालकांसाठी विजेवरचा विंच आणला. चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढायची, हे त्याचे काम. ते वर्षातून मोजक्या वेळा करायचे असते, आणि दर वेळी तार वेगळ्या लांबीपर्यंत सुटते. एटीव्हीची कथा समांतर चालली. अमेरिकेतल्या होंडा विक्रेत्यांच्या मोटरसायकली हिवाळ्यात पडून राहत, म्हणून त्या मोसमात खपेल असे काही द्या, ही मागणी 1967 च्या सुमारास जपानला गेली. ओसामू ताकेउची यांनी त्यातून 1970 ची तीनचाकी गाडी घडवली. सुझुकीची चारचाकी क्वाडरनर 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला आली. म्हणजे हे वाहन थंडीच्या मागणीतून आले, विंच चिखलातून आला, आणि पात्याने दोघांची गाठ घातली. त्या गाठीत विंचवर जे काम पडले ते कुणी त्याच्यासाठी आखलेले नव्हते. एका सकाळीत कित्येक डझन वेळा पाते उचलायचे आणि टेकवायचे, आणि दर वेळी वीतभर लांबीचा तोच तुकडा त्याच रुळावर वाकवायचा. आल्बर्टने साखळीवर मुद्दाम जो प्रयोग केला, तोच इथे दर हिवाळ्यात नकळत होत राहतो.

आता धाग्याकडे वळतो. 1933 मध्ये इंग्लंडात आयसीआय कंपनीच्या नॉर्थविचजवळच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन यांना उच्च दाबाच्या एका प्रयोगात, ध्यानीमनी नसताना, मेणासारखा पदार्थ मिळाला. तो पॉलिथिन. 1953 मध्ये कार्ल झीग्लरने कमी दाबाखाली सरळ, लांब साखळ्यांचे पॉलिथिन बनवण्याची वाट काढली. रेणू लांब झाले, तरी ते एकमेकांत गुंतलेलेच राहत, त्यामुळे ती लांबी ताकदीत उतरत नव्हती. हा गुंता नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पिट लेमस्ट्रा यांनी 1979 च्या सुमारास सोडवला. अतिलांब रेणूंचे पॉलिथिन त्यांनी भरपूर द्रावकात विरघळवले, बारीक छिद्रांतून ओढून थंड केले, आणि त्या जेलसारख्या धाग्याला तीस पटींहून अधिक ताणले. रेणू शेजारी शेजारी, ताणाच्या दिशेने उभे राहिले. 1990 मध्ये हेर्लेन इथे डायनिमा या नावाने त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. ही डीएसएम म्हणजे पूर्वीची डच सरकारी खाण कंपनी. याच हेर्लेनमध्ये डिसेंबर 1965 मध्ये मंत्री योप डेन आउल यांनी लिम्बर्गच्या कोळसा खाणी बंद करण्याची घोषणा केली होती. तारेचा दोर खाणीने दिला, आणि त्याचा वारस खाण मिटवून रसायनांकडे वळलेल्या कंपनीने दिला, हे मला या कुळकथेतले सर्वांत हृद्य वळण वाटते.

तार किंवा धागा वाकला की त्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आणि हा ताण जाडीच्या प्रमाणात वाढतो. आल्बर्टची तार साडेतीन मिलिमीटरची होती. एटीव्हीच्या विंचवरच्या दोरातली एकेक तार असते मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. पॉलिथिनचा धागा केसाहूनही बारीक, मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या आसपास. त्याच रुळावर वाकताना त्याच्या अंगावर येणारा ताण पोलादी तारेच्या ताणाच्या पंधराव्या-सोळाव्या भागाएवढाच. ओझे अनेकांत वाटा आणि प्रत्येकाला बारीक करा, हा विचार आल्बर्टचाच. धाग्याने तो पुढे नेला. कुणी विचारील, बारीक तंतू तर हेम्पमध्येही होते, मग आल्बर्टने तो का सोडला? हेम्पचा तंतू तुटक असतो. पिळामुळे होणारे घर्षण सुटे तंतू धरून ठेवते, आणि पाणी लागले की कूज सुरू होते. पॉलिथिनचा धागा अखंड असतो, तो कुजत नाही, पाण्यावर तरंगतो. हेम्पची लवचीकता आणि तारेचा भरवसा इथे पहिल्यांदा एकत्र आले.

तारेची बाजू घेणाऱ्यांचे आक्षेप मात्र हलके नाहीत. घासण्यात आणि कापले जाण्यात पोलाद सरस आहे, हे मान्यच करायला हवे. म्हणूनच तारेने चर पाडलेल्या जुन्या रुळांवर नवा दोर टाकणे ही घोडचूक आहे. रूळ बदलावेत, किंवा गुळगुळीत कडांचे ॲल्युमिनियमचे फेअरलीड बसवावे. दुसरा आक्षेप उष्णतेचा. हा धागा दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो आणि सत्तरच्या वर फार काळ ठेवू नये असे सांगतात. काही विंचांचे ब्रेक ड्रमच्या आतच असतात आणि ओझे खाली सोडताना तापतात. पण पाते वीतभर खाली येते, उतारावरून गाडी सोडावी तसे काही मिनिटे नाही. बर्फाचा आक्षेप अर्धा खरा आहे: धागा स्वतः पाणी पीत नाही आणि थंडीत ठिसूळही होत नाही, पण वेणीच्या फटींत शिरलेले पाणी गोठून दोर काठीसारखा ताठ होतो. काम संपल्यावर तो झटकून कोरडा करावा लागतो, तारेला एवढी निगा लागत नाही. सर्वांत वजनदार आक्षेप असा की कित्येकदा तार थकून तुटतच नाही. पाते पुरते वर आल्यावरही बटण दाबून धरले जाते, आणि विंच आपली सगळी ताकद लावून तिला फेअरलीडवर तोडतो. हे खरे आहे. त्या चुकीतून धागाही वाचत नाही. तिथे आकड्यामागे रबरी ठोकळा आणि वेळीच थांबवणारा स्विच हवा. पण दोर तुटण्याचे एक कारण बटणावरच्या बोटात आहे, म्हणून रुळावरचे कारण खोटे ठरत नाही.

एटीव्हीपर्यंत येण्याआधी हा दोर टगबोटींवर आणि जहाजे बांधून ठेवण्याच्या कामात मुरला. तिथून त्याने बारा पेडांची पोकळ वेणी आणली, आणि खलाशांचा सांधाही. पॉलिथिन इतके निसरडे असते की साधी गाठ ताणाखाली सरकते. उलट दोराचे टोक त्याच्याच पोकळीत पुरेसे आत ओवले तर ताण वाढेल तशी वेणी ते घट्ट आवळते. तुटलेली तार घरी जोडता येत नाही, हा दोर जोडता येतो. निसरडेपणाची किंमत ड्रमवर मोजावी लागते. तारेचे पाच वेढे ड्रमवर राहिले तर भागते, धाग्याचे दहा तरी ठेवावेत असे सांगितले जाते. पात्यासाठी दोनच मीटर लागतात म्हणून तेवढाच तुकडा कापणाऱ्याने हा सव्वा मीटरचा हिशेब आधी जमेस धरावा, आणि गाडी उभी करताना पाते जमिनीवर टेकवून दोर ढिला सोडावा.