मांजर म्हातारे होते तेव्हा

नाशिक - चौदा वर्षांचे मांजर आठवड्यातून दोन-तीन वेळा उलटी करू लागते. पाठीवरून हात फिरवताना मणके लागतात. कधी नव्हे ते ट्रे सोडून बाथरूमच्या दाराशी घाण करते. घरात या सगळ्याचे एकच उत्तर दिले जाते, 'आता त्याचे वय झाले.'

गंगापूर रोड, इंदिरानगर किंवा सिडकोतील फ्लॅटमध्ये वाढलेले मांजर रस्त्यावरच्या मांजरापेक्षा कितीतरी अधिक जगते. पंधरा वर्षांचे मांजर माणसाच्या हिशेबाने पंचाहत्तरीचे समजावे. मात्र वार्धक्य हा आजार नव्हे. वरच्या तिन्ही लक्षणांमागे वेगवेगळी कारणे असू शकतात आणि त्यांतील पुष्कळ कारणांवर उपचार आहेत. अडचण अशी, की मांजर आजार लपवते. एकट्याने शिकार करणारा आणि स्वतः मोठ्या जनावरांचे भक्ष्य ठरू शकणारा हा प्राणी दुबळेपणा सहसा दाखवत नाही. ते कण्हत नाही, केवळ कपाटावर चढणे सोडून देते.

अशा वेळी सर्वांत उपयोगी पडतो तो साधा वजनकाटा. चार किलोच्या मांजराचे चारशे ग्रॅम वजन घटले तर दाट केसांमुळे ते दिसत नाही. पण साठ किलोच्या माणसाचे सहा किलो वजन उतरण्यासारखेच ते आहे. टोपलीत बसवून दर पंधरा दिवसांनी वजन घ्यावे आणि ज्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिला जातो, त्यावरच ते टिपावे. उलटी कोणत्या दिवशी झाली, शौच कधी झाले, पाणी जास्त पिते का, याचीही नोंद ठेवावी. डॉक्टरांपुढे 'बरेच दिवसांपासून' असे सांगण्यापेक्षा ही चार ओळींची नोंद अधिक कामाची असते.

उलटी आणि बद्धकोष्ठता

मांजर उलटी करतेच, असा समज आहे. अंग चाटताना पोटात गेलेल्या केसांचा गोळा अधूनमधून बाहेर पडतो, हे खरे. पण दर आठवड्याला उलटी होणे आणि सोबत वजन उतरणे हे आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचे लक्षण असू शकते. वृद्ध मांजरांत आतड्याचा एक संथ वाढणारा कर्करोगही नेमका असाच दिसतो. सोनोग्राफीत दोन्हींत आतड्याची भिंत जाड दिसते. खात्री ऊतीचा तुकडा तपासूनच होते. दोन्हींवर औषधे आहेत. अशा मांजरांत बी-१२ जीवनसत्त्व कमी पडण्याचा संभव असतो आणि त्याची इंजेक्शने दिल्यावर भूक सुधारलेली दिसते.

दुधाबद्दलचा आपला आग्रह मात्र सोडायला हवा. बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातील साखर पचत नाही, जुलाब होतात. दूध-पोळीवर वाढवलेल्या मांजराची गोष्ट त्याहून गंभीर आहे. मांजर पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हा घटक त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही आणि तो मांसातूनच मिळतो. तो कमी पडल्यास दृष्टी जाते, हे १९७० च्या दशकात, तर हृदय निकामी होते, हे १९८७ मध्ये संशोधनातून स्पष्ट झाले. सुकट-बोंबलाचा डबा उघडला की मांजर धावत येते. परंतु त्यातील मीठ वृद्ध मूत्रपिंडांना सोसत नाही. कांदा-लसूण घातलेला रस्सा तर कोणत्याही वयात विषच. त्याने रक्तातील तांबड्या पेशी फुटतात.

बद्धकोष्ठतेचे मूळ पुष्कळदा पोटाबाहेर असते. शरीरात पाणी कमी पडले की मळ कडक होतो. सांधे दुखत असतील तर उंच कडेच्या ट्रेमध्ये चढणेच नको वाटते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बारा वर्षांपुढील नव्वद टक्के मांजरांच्या क्ष-किरण चित्रांत सांध्यांची झीज आढळली. दाराशी केलेली घाण हा खोडसाळपणा नसून ही दुखरी कंबर असू शकते. ट्रेची एक कड कापून खाली आणावी. निफाडच्या घसरत्या पाऱ्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत मांजराला गरम अंथरूण द्यावे.

मूत्रपिंड आणि थायरॉईड

दहा वर्षांपुढे मूत्रपिंडाचा विकार फार आढळतो. मूत्रपिंडांचा सुमारे तीन चतुर्थांश भाग निकामी होईपर्यंत क्रिएटिनिनची नेहमीची तपासणी ठीक येऊ शकते. त्यामुळे जास्त पाणी पिणे आणि ट्रेमध्ये मोठाले ओले गोळे दिसणे, ही आधीची खूण महत्त्वाची. कमी फॉस्फरसचा आहार आणि घरीच कातडीखाली सलाईन देणे यांवर अशी मांजरे कधी कधी वर्षानुवर्षे चांगली जगतात. सलाईन टोचण्याचे तंत्र पशुवैद्यक शिकवतात. पहिल्या दिवशी हात थरथरतो, पंधरा दिवसांत सवय होते. एप्रिल-मे महिन्यांत पाण्याची भांडी वाढवावीत आणि ओले अन्न द्यावे. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले, त्याला तहान उशिरा लागते.

भूक वाढली, घरभर फिरते, तरीही वाळत चालले, असे असेल तर थायरॉईडची रक्ततपासणी करावी. मांजरातील हा विकार प्रथम १९७९ मध्ये नोंदला गेला. रोजच्या गोळीने तो आटोक्यात राहतो. या दोन्ही आजारांत रक्तदाब वाढून एका रात्रीत आंधळेपणा येऊ शकतो.

घरातील औषधपेटी

खरा घात येथे होतो. ताप वाटला म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेण्यास पुरेशी आहे. हे औषध निकामी करणारी यकृतातील यंत्रणा मांजरात अत्यंत दुबळी असते. हिरड्या निळसर-तपकिरी होतात, तोंड आणि पंजे सुजतात. गोळी पोटात गेल्याचे कळताच, लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठावा. उतारा आहे, पण वेळ हातात नसतो. मेडिकलमध्ये मिळणारा फॉस्फेटचा एनिमाही असाच प्राणघातक आहे. एरंडेल किंवा अन्य तेल तोंडात ओतल्यास ते फुफ्फुसात उतरू शकते.

मेलॉक्सिकॅमचे उदाहरण बोलके आहे. गिधाडांच्या ऱ्हासामुळे २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली आणि गिधाडांना सुरक्षित असलेले हे औषध गुरांच्या औषधांच्या दुकानांत सर्वत्र आले. मांजराला ते वारंवार दिल्यास मूत्रपिंडे निकामी होण्याचा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१० मध्ये दिला. पशुवैद्यकाने ठरवलेल्या मात्रेखेरीज ते देऊ नये.

मांजराने दोन दिवस अन्न टाकले तर ती आणीबाणी समजावी, विशेषतः ते लठ्ठ असेल तर. साठवलेली चरबी यकृतात उतरून यकृतच बंद पडू लागते. 'उद्या खाईल' ही वाट पाहणे येथे महागात पडते.

दहाव्या वर्षानंतर दर सहा महिन्यांनी रक्त, लघवी, दात आणि रक्तदाब यांची तपासणी करून घ्यावी. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचा भर मुख्यतः गुराढोरांवर असल्याने शहरातील पाळणारे बहुधा खासगी दवाखान्यांकडे वळतात. विशेष तपासण्यांसाठी मुंबईचा पर्याय आहे. परळला १८८६ मध्ये सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तर महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाले. चार तासांचा प्रवास वृद्ध मांजराला सोपा नसतो. बाजाराच्या पिशवीत कोंबून नेण्याऐवजी जाळीची पेटी आठ दिवस आधीच घरात उघडी ठेवावी आणि त्यात त्याच्या अंगाखालचा जुना टॉवेल घालावा. म्हणजे निघण्याच्या दिवशी त्याला पकडत घरभर धावावे लागत नाही.