बडतर्फीच्या पत्रात सूड लिहिलेला नसतो

१/ मुळशीतील पिरंगुट–कासार आंबोली पट्ट्यात आज अनेक कारखाने आहेत. तेथील कामगाराने वरिष्ठाविरुद्ध तक्रार केली आणि महिनाभरात त्याची बदली झाली, तर ती सूडापोटी झाली हे सिद्ध कसे करावे? या प्रश्नाला महाराष्ट्रात इतिहास आहे.

२/ १९६८ साली राज्य शासनाने अनुचित कामगार प्रथांविषयी समिती नेमली. त्यातून १९७१ चा कायदा झाला; अंमल १९७५ पासून. केंद्रीय कायद्यात अशी यादी १९८२ च्या दुरुस्तीने आली.

३/ हेतू मनात असतो, आदेशात केवळ ‘प्रशासकीय कारण’. म्हणून या कायद्याने हेतूच्या खुणा नोंदविल्या : उघड खोटी कारणे, विनारजा गैरहजेरीचा बनावट आरोप, किरकोळ चुकीला अवाजवी शिक्षा, धोरणाच्या आडून दुष्ट हेतूने केलेली बदली. औद्योगिक विवादात मालकाविरुद्ध तक्रार किंवा साक्ष दिली म्हणून कामावरून काढणे हीदेखील अनुचित प्रथा ठरली.

४/ मात्र दाद मागण्याची मुदत ९० दिवसांची. विलंबास सबळ कारण दाखवावे लागे.

५/ लैंगिक छळाच्या तक्रारदारांना व साक्षीदारांना त्रास होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या विशाखा निकालात बजावले. २०१३ च्या कायद्याने चौकशीकाळातील बदलीची शिफारस पीडितेच्या लेखी विनंतीशी जोडली. एरवी शिक्षा म्हणून वापरली जाणारी बदली येथे तिच्या संरक्षणाचे साधन झाली.

६/ तारखांचा क्रम येथे बोलका ठरतो. तक्रारीआधीचा निष्कलंक सेवाकाल, नंतर अचानक आलेल्या नोटिसा, त्याच चुकीसाठी इतरांना मिळालेली सूट : हे कागद शेजारी ठेवले की न लिहिलेला हेतू वाचता येतो. म्हणून तक्रारीची तारीखवार पोच जपून ठेवावी.