उसन्या भिंगाची साक्ष

२९ मे १९१९ रोजी ब्राझीलमधील सोब्राल गावी खग्रास सूर्यग्रहण दिसले. ग्रीनिचचे क्रॉमेलिन व डेव्हिडसन तेथे गेले होते, ते सूर्याशेजारचे तारे किती सरकलेले दिसतात हे मोजण्यासाठी. आइन्स्टाइनच्या गणिताने ते १.७५ विकला सरकावयास हवे. न्यूटनच्या हिशेबाने त्याच्या निम्मे. विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग!

त्यांची मुख्य दुर्बीण ग्रीनिचची. जोडीला, असावे म्हणून, रॉयल आयरिश अकादमीकडून उसने आणलेले ४ इंची भिंग आणि ८ इंची आरसा. दुर्बिणी आडव्या ठेवलेल्या. आकाश फिरते तसा समोरचा आरसा घड्याळाच्या यंत्राने फिरावयाचा, ४८ तासांत एक फेरा या मंद गतीने. निघण्यापूर्वी ही यंत्रे कॉटिंगहॅम नावाच्या घड्याळजीने दुरुस्त केली होती. तो स्वतः एडिंग्टनबरोबर प्रिन्सिपे बेटावर गेला.

काचा धुतल्यावर मोठ्या दुर्बिणीच्या चित्रांतले तारे पसरट निघाले. उन्हाने आरसा बिघडला असावा, असा तर्क झाला. उसन्या भिंगाच्या ८ काचांपैकी ७ मात्र स्वच्छ! त्यांनी १.९८ दिले, मोठीने ०.९३, म्हणजे जवळजवळ न्यूटनच. शास्त्रज्ञांनी मोठीची साक्ष बाजूस सारली. सोयीची तेवढीच ठेवली, असा आक्षेप पुढे आला. मला तो अगदीच पोकळ वाटत नाही. पण १९७९ मध्ये त्याच जुन्या काचा नव्या यंत्राने पुन्हा मोजल्या, तेव्हा मोठ्या दुर्बिणीनेही १.५५ चा आकडा दिला.