दहावीच्या पुढचा रस्ता : बुलढाण्यातून दिसणारा दिव्यांग शिक्षणाचा इतिहास

१/ बुलढाणा शहराला आजही रेल्वे नाही. मुंबई-नागपूर मार्गावरची गाडी पकडायची तर राजूर घाट उतरून मलकापूर गाठावे लागते. या जिल्ह्यातील दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा इतिहास बराच काळ याच अंतराचा इतिहास होता.

२/ पश्चिम भारतातील आरंभीच्या विशेष शाळा शहरांत निघाल्या. १८८५ मध्ये माझगाव येथे कर्णबधिरांची संस्था सुरू झाली. १९०० मध्ये ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंधशाळा काढली, १९०२ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा उभी राहिली आणि १९३४ मध्ये पुण्याची अंधशाळा आली.

३/ वऱ्हाडातील मुलासाठी या शाळा केवळ दूर नव्हत्या, त्या परप्रांतात होत्या. १९५६ पर्यंत बुलढाणा प्रथम मध्य प्रांत-वऱ्हाडात आणि नंतर मध्य प्रदेशात होता. मुंबई सरकारच्या शिक्षणखर्चात या जिल्ह्याचा वाटा असण्याचे कारणच नव्हते.

४/ जे विद्यार्थी अशा शाळांत पोहोचले, त्यांच्या शिक्षणात वेतकाम, विणकाम, संगीत अशा उद्योगांवर मोठा भर असे. ‘हा मुलगा पोटापुरते मिळवील का?’ हा प्रश्न आधी विचारला जाई. ‘हा मॅट्रिक होईल का?’ हा क्वचितच. लिपीचीही अडचण होती. भारतीय भाषांसाठी ब्रेलच्या निरनिराळ्या पद्धती प्रचलित होत्या. समान ‘भारती ब्रेल’ १९५१ मध्ये स्वीकारली गेली.

५/ कोठारी आयोगाने (१९६४-६६) दिव्यांगांचे शिक्षण हा सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेचाच भाग मानला. १९७४ मध्ये केंद्राची एकात्म शिक्षण योजना आली. गावच्या शाळेचे दार उघडू लागले. परीक्षेची चौकट मात्र तीच राहिली. ठरलेला वेळ, छापील प्रश्नपत्रिका, स्वतःच्या हाताने लिहिलेले उत्तर. आत येण्याची सोय झाली, पण उत्तीर्ण होऊन पुढे जाण्याची झाली नाही.

६/ १९९६ हे वळणाचे वर्ष. अपंग व्यक्ती अधिनियम, १९९५ त्या वर्षी अमलात आला आणि त्यात शिक्षणसंस्थांतील तीन टक्के जागांची तरतूद होती. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांच्या सवलतींना औपचारिक मान्यता दिली. मात्र त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र आरंभी मुंबईतील शीव रुग्णालयासारख्या मोजक्या ठिकाणीच मिळे. अंतराचा प्रश्न नव्या रूपात परतला.

७/ पुढची लढाई परीक्षागृहात झाली. लेखनिकाबाबत २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना दिल्या. तासामागे किमान २० मिनिटे वाढीव वेळ मान्य झाला. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्के अपंगत्वाची अट लावता येणार नाही.

८/ २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा राखल्या आणि प्रवेशासाठी वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट दिली. हे मूल उशिरा शाळेत येते, हे कायद्याला ठाऊक असल्याचीच ही खूण.

९/ तरीही त्याच कायद्यात मोफत शिक्षण, पुस्तके आणि साहाय्यक साधने यांची हमी अठराव्या वर्षापर्यंतच आहे. नवव्या वर्षी पहिलीत बसलेले मूल अठराव्या वर्षी जेमतेम दहावीत असते. म्हणजे खर्च वाढतो नेमका त्याच टप्प्यावर कायद्याचा हात सुटतो.

१०/ त्यामुळे उशिरा झालेले निदान ही केवळ वैद्यकीय बाब राहत नाही. त्यातून पदवीची वर्षे वजा होतात. शाळकरी मुलांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करण्याची तरतूद याच कायद्यात आहे. सिंदखेडराजा किंवा लोणारच्या एखाद्या वाडीवर ती वेळेवर पाळली गेली, तरच पाच टक्के राखीव जागांना अर्थ उरतो.

११/ १९८३ पासून विद्यापीठ अमरावतीत आहे आणि दहावी-बारावीचे विभागीय मंडळही तेथेच आहे. नकाशावरचे अंतर पुष्कळ कमी झाले. उरले आहे ते वयाचे अंतर, आणि ते दहावीच्या वर्गात नव्हे, पहिलीच्या पटावर कापावे लागते.