खण, कांदाचाळ आणि अंगणवाडी

जुन्या नाशकात जे वाडे अजून उभे आहेत, त्यांच्या माळ्याचा आणि छपराचा भार मुख्यतः लाकडावर आहे. दगडी तळखड्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळई, तुळईवर कड्या आणि या सांगाड्याच्या मधल्या जागेत भरलेली वीट किंवा माती, अशी ही रचना. घराचा आकार खणांत सांगितला जाई आणि दोन खांबांमधला खण गरजेप्रमाणे बंद करता येई, उघडा ठेवता येई, फळ्या लावून त्याचं दुकान करता येई. घाटाकडच्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत कोकणा, महादेव कोळी, वारली यांच्या पाड्यांवर सागवानी खांबांच्या जागी रानातल्या मेढी आल्या, विटेच्या जागी शेणामातीने लिंपलेला कारवीचा कूड आला. तत्त्व मात्र तेच राहिलं. छपराचं वजन मेढींनी पेलायचं, कुडाने फक्त वारा-पाऊस अडवायचा. लहान मुलांच्या अंगणवाड्या, पाळणाघरं पोलादी सांगाड्यावर उभी करावीत असं आज कोणी सुचवलं की ती बाहेरून आलेली घाई वाटते. मला तसं वाटत नाही. हा जिल्हा पिढ्यानपिढ्या सांगाड्यावरच घर बांधत आला आहे. गेल्या काही दशकांत गावातल्या छोट्या सरकारी इमारतींनी ती रीत सोडली आणि जाड भिंतीवर जड स्लॅब हाच नमुना पक्का मानला. तो नमुना लहान मुलांच्या जागेला सगळ्यात कमी मानवतो.

लोखंड या जिल्ह्यात आलं ते रेल्वेबरोबर. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटाचा टप्पा १८६५ साली सुरू झाला आणि एहेगावच्या दरीवरचा लोखंडी पूल ही त्या घाटातली सर्वांत अवघड कामगिरी ठरली. त्याच दशकात मुंबईत काळा घोड्याजवळ वॉटसन हॉटेलची इमारत उभी राहिली. तिचा सगळा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये तयार होऊन सुट्या भागांनी जहाजातून आला होता. म्हणजे कारखान्यात बनवून जागेवर जोडण्याचं तंत्र महाराष्ट्राने दीडशे वर्षांपूर्वीच पाहिलेलं आहे. पण ते श्रीमंतांच्या हॉटेलापुरतं आणि रेल्वेपुरतं राहिलं. गावापर्यंत पोचला तो पन्हळी पत्रा. खांब-तुळयांचा विचार मागे राहिला आणि नुसतं आच्छादन पुढे गेलं. पुढे दुष्काळ, विस्थापन, भूकंप अशा प्रत्येक संकटात सरकारने माणसांना पत्र्याखाली ठेवलं. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरही लोकांना आधी पत्र्याच्या निवाऱ्यांतच दिवस काढावे लागले. पत्रा म्हणजे तात्पुरतं, पत्रा म्हणजे आपत्ती, ही समजूत अशा अनुभवांतून घट्ट झाली आहे आणि ती खोटी म्हणता येणार नाही.

दुसरीकडे बालशिक्षणाची चळवळ इमारतीशिवाय वाढली. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर घडल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला आणि १९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. त्यांच्या सोबत आलेल्या अनुताई वाघ यांनी शिक्षिकेची सुरुवातीची वर्षं नाशिक जिल्ह्यात काढली होती. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं केंद्रात येत नाहीत, तर केंद्रानेच त्यांच्या अंगणात जावं, हा ताराबाईंचा निर्णय शिक्षणाच्या इतिहासात मोठा आहे. मुलाला काय लागतं हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं : मोकळी जमीन, उजेड, हाताशी पोचणाऱ्या वस्तू, घराजवळचा पल्ला. मार्गारेट मॅकमिलन यांनी १९१४ मध्ये लंडनच्या डेप्टफर्ड या गरीब वस्तीत उघड्या हवेतली बालशाळा काढली, तेव्हा त्याही बागेकडे उघडणाऱ्या हलक्या निवाऱ्यांवर थांबल्या होत्या. जड भिंत दोघींनाही नको होती.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. अंगणवाडी हे नाव देशभर गेलं, पण अंगणामागचा विचार मागे राहिला. सेविका नेमली, मदतनीस नेमली, आहार ठरला. जागा मात्र जिथे मिळेल तिथे. देवळाची ओसरी, समाजमंदिर, शाळेचा व्हरांडा, भाड्याची अंधारी खोली. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने देशभर १४ लाख केंद्रं उघडायला सांगितली. आदिवासी भागात तीनशे लोकवस्तीला अंगणवाडी आणि दीडशेला मिनी अंगणवाडी, असा निकष आला. केंद्रं झपाट्याने वाढली आणि इमारतींची तूट तितक्याच झपाट्याने. कामगार स्त्रियांच्या मुलांचं तर त्याहून वाईट. १९४८ च्या कारखाना कायद्याने आणि १९६६ च्या विडी कामगार कायद्याने पाळणाघराची सक्ती केली. पण सक्ती स्त्री कामगारांच्या संख्येला बांधलेली होती आणि सिन्नरसारख्या गावांत विडी वळली जाई ती घराघरांत. कायदा कारखान्याच्या फाटकाशी थांबला.

इमारतीचा पैसा आला तोही एका अटीसह. अंगणवाडीच्या इमारतीसाठी रोजगार हमी योजनेची सांगड घालायचं ठरलं तेव्हा एका केंद्राला ७ लाख रुपये धरले होते, त्यातले ५ लाख रोजगार हमीचे. नंतर ही रक्कम १२ लाखांवर गेली. या निधीत मजुरीचा वाटा किमान ६० टक्के आणि साहित्याचा जास्तीत जास्त ४०, असं प्रमाण जिल्हा पातळीवर राखावं लागतं. पोलादी सांगाड्यात खर्च साहित्याचा जास्त, मजुरीचा कमी. त्यामुळे अभियंत्याच्या हिशेबात तो बसत नाही, हे त्याच्या मागे पडण्याचं एक खरं कारण आहे. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. दुष्काळातून जन्मलेल्या या योजनेचा आत्मा मजुरी हाच आहे आणि तो राखलाच पाहिजे. पण प्रमाण जिल्ह्याच्या एकूण कामांवर मोजलं जातं, एकेका इमारतीवर नाही. बांधबंदिस्ती, रस्ते, वृक्षलागवड यांत मजुरीचा भाग इतका मोठा असतो की काही अंगणवाड्यांच्या साहित्याला त्यातून जागा काढता येते. शिवाय जोतं, पाया, फरसबंदी, कुंपण, परसबाग ही कामं गावातल्याच हातांची.

मग दुसरा आक्षेप येतो : पोलादाचं काम जाणणारे लोक पाड्यावर कुठून आणायचे? नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न टिकत नाही. निफाड, दिंडोरीच्या द्राक्षबागांचे मांडव लोखंडी अँगलवर उभे आहेत. पॉलिहाऊसचे सांगाडे गॅल्व्हनाइज्ड पाइपचे आहेत. लासलगाव, येवला, चांदवड या पट्ट्यात कांदाचाळी अँगल, पाइप आणि नटबोल्टवर बांधल्या जातात. मोठ्या बाजारगावात फॅब्रिकेटरचं दुकान सहज सापडतं. कांदाचाळ नीट पाहावी. कांदा उष्णतेने आणि दमटपणाने सडतो, म्हणून तिची जमीन उचललेली असते, खालून हवा खेळते, बाजूच्या भिंतींना फटी ठेवतात, छप्पर उतरतं आणि पाखं बाहेर काढलेली असतात. शेतकऱ्यांनी आणि कृषी खात्याने मिळून त्या मालासाठी वारा, ऊन, ओल यांचा बारीक विचार केला आणि तो सांगाड्याच्या बांधणीत उतरवला. त्याच गावात तीन वर्षांचं मूल बंद खोलीत दुपारचं जेवण जेवत असेल तर कमतरता कौशल्याची नाही. मागणी करणाऱ्याने तशी मागणीच केलेली नाही.

सांगाड्याची बाजू सर्वांत ठळकपणे किल्लारीत दिसली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसं मेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि मातीचं जड माळवद अंगावर आल्याने. पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी नोंदवलं की जिथे माळवद लाकडी खणांवर होतं, तिथे भिंती ढासळूनही सांगाडा पुष्कळदा तगला आणि छप्पर खाली आलं नाही. त्यांनी हेही नोंदवलं की त्या सांगाड्यांत तिरकस आधार नव्हते, म्हणून तेही पूर्ण सुरक्षित नव्हते. या दोन्ही नोंदी एकत्र वाचायला हव्यात. भार खांबांवर असावा, छप्पर हलकं असावं आणि सांगाडा आडव्या हेलकाव्याला ताणून धरलेला असावा. काँक्रीटचे कॉलम-बीम हाही सांगाडाच, असं कोणी म्हणेल. ते बरोबर आहे, आणि नीट बांधला तर तो मजबूतही असतो. पण सहाशे चौरस फुटांच्या अंगणवाडीवर पाच इंची स्लॅब म्हणजे मुलांच्या डोक्यावर सुमारे १७ टन वजन. ते पेलण्याची सगळी भिस्त वाळू, पाणी, सळईची बांधणी आणि पंधरवडाभराच्या क्युरिंगवर असते. उन्हाळ्यात पाण्याचं दुर्भिक्ष असलेल्या पाड्यावर यातलं काय पाळलं जात असेल, हे वेगळं सांगायला नको. कळवण, सुरगाणा, पेठ, दिंडोरी या भागांत भूकंपाचे हलके धक्के अधूनमधून बसतातच.

पोलादाचे दोषही इतिहासातच शोधावे लागतात. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधल्या हर्टफर्डशरने हलक्या पोलादी सांगाड्याच्या सुट्या भागांतून दहाएक वर्षांत शंभर शाळा उभ्या केल्या. खाणींमुळे जमीन खचणाऱ्या नॉटिंगहॅमशरमध्ये १९५७ पासून क्लास्प नावाची पद्धत आली. तिचा सांगाडा जमिनीबरोबर थोडा हलू शके, आणि १९६० मध्ये मिलानच्या प्रदर्शनात तिला मोठा पुरस्कार मिळाला. पण १९७४ मध्ये त्याच पद्धतीच्या एका वृद्धाश्रमाला आग लागून १८ जण मेले; छताच्या पोकळीतून आग विनाअडथळा पसरली होती. पोलाद जळत नसलं तरी साधारण साडेपाचशे अंशांना त्याची निम्मी ताकद जाते. तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला १६ जुलै २००४ रोजी लागलेल्या आगीत गवती छपरामुळे ९४ मुलं गेली, हेही आपण विसरू नये. त्यामुळे अंगणवाडीत स्वयंपाकघर वेगळं हवं, दोन दिशांना बाहेर उघडणारी दारं हवीत, छताची पोकळी आग अडवणाऱ्या पडद्यांनी तोडलेली हवी आणि आत फोम किंवा थर्माकोलचे स्वस्त पॅनेल मुळीच नकोत. एकमजली, चारी बाजूंनी अंगणात उघडणाऱ्या खोलीत हे सगळं जमण्यासारखं आहे.

उन्हाचा आणि पावसाच्या आवाजाचा आक्षेप मला आगीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो, कारण तो रोजचा आहे. मालेगावच्या मे महिन्यात उघड्या पत्र्याखाली मूल बसवणं हा अत्याचार आहे. इगतपुरीच्या आषाढात त्याच पत्र्याखाली बाईंचं गाणं मुलांना ऐकूच जाणार नाही. पण हा दोष छपराचा आहे, सांगाड्याचा नाही. त्याच पोलादी कैच्यांवर कौलं बसतात, पत्र्याखाली हवेची पोकळी सोडून बांबूची किंवा लाकडी तक्तपोशी बसते, भिंतीच्या खणांत वीट, मातीच्या विटा किंवा खुद्द कारवीचा कूड भरता येतो. गंज टाळायला गॅल्व्हनाइज्ड भाग आणि खांबाचा पाय जोत्याच्या वर ठेवणं पुरेसं आहे. सागवानी खांबाला दगडी तळखडा ओल टाळण्यासाठीच देत असत. हलकं छप्पर वळवाच्या वादळात उडतं, हेही खरं. म्हणून पायातले बोल्ट आणि छपराचे हूक यांची तपासणी अंदाजपत्रकातच लिहिलेली असावी. मुंबईच्या उपनगरांत कंटेनरमध्ये अंगणवाडी भरवण्याचा प्रयोग झाला. जागाच नसलेल्या वस्तीत त्यामागची निकड समजते, पण पोलादी पेटी आणि पोलादी सांगाडा या विरुद्ध गोष्टी आहेत. पेटीत भिंतही भार पेलते, तिला मोठी खिडकी पाडली की ती दुबळी होते. सांगाड्यात भिंत मोकळी, म्हणून खिडकीची चौकट मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणता येते.

नटबोल्टने जोडलेली इमारत हलवता येते, हा गुण नाशिकला विशेष उपयोगाचा आहे. पेठ-सुरगाण्याची कुटुंबं छाटणीपासून काढणीपर्यंत द्राक्षपट्ट्यात उतरतात, त्यांची मुलं बांधावर असतात. बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी मोबाइल क्रेशेस सुरू केली, तेव्हा पाळणाघर कामाच्या जागेबरोबर फिरलं पाहिजे हे मान्य झालं होतं. गावठाणात जागा नावावर नाही म्हणून रखडलेल्या अंगणवाड्यांनाही उचलता येणारी इमारत मोकळी वाट देते.

नाशिक जिल्हा परिषदेने घाटातल्या आणि मालेगावसारख्या तापणाऱ्या तालुक्यांत अशा मोजक्या अंगणवाड्या प्रत्यक्ष बांधाव्यात, त्यांचं काम लासलगाव-पिंपळगावच्या फॅब्रिकेटरांना द्यावं, एक उन्हाळा आणि एक पावसाळा आतलं तापमान, ओल आणि आवाज मोजावा आणि सेविकांचं मत लेखी घ्यावं. स्लॅबच्या इमारतींचीही मोजणी त्याच काळात, त्याच साधनांनी व्हावी आणि दोन्हींचे आकडे ग्रामसभांपुढे ठेवावेत.