आधी घंटा, मग पट्टा

दिवाळी आटोपली की आमच्या कारंज्यात जिनांचे भोंगे सुरू व्हायचे. कापसाच्या बैलगाड्यांची रांग बाजाराबाहेर रस्त्यापर्यंत यायची. हवेत रुईचा तूस उडायचा आणि सरकीचा वास दारापर्यंत पोचायचा. तेव्हा आमचा भाग अकोला जिल्ह्यात होता. वाशीम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. माझे अब्बा गावातल्या एका जिनात फिटर होते. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. दुपारचा डबा घेऊन मी जायचो, त्यामुळे जिनाच्या आतला कारभार मला लहानपणीच पाहायला मिळाला.

ज्यांनी जिन पाहिला नसेल, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्राला आमच्याकडे रेचा म्हणतात. एका लांबलचक खोलीत रेच्यांच्या रांगा असत आणि त्यांच्यासमोर बाया कापूस घालत बसत. खाली एका अरुंद बोळात लोखंडाचा लांब दांडा फिरत असे. तो शाफ्ट. शाफ्टवरून प्रत्येक रेच्याला चामडी पट्टा गेलेला असे. म्हणजे शाफ्ट थांबला की सगळे रेचे थांबले, सगळ्या बाया रिकाम्या बसल्या आणि बाहेरच्या गाड्या तिथेच अडकल्या. त्यामुळे शाफ्ट थांबवणं हा जिनातला सगळ्यात मोठा गुन्हा समजला जाई.

१९८१-८२ च्या हंगामात त्या बोळात अपघात झाला. बेअरिंगला तेल घालणारा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा शाफ्ट चालू असतानाच आत शिरला. शर्टाची बाही शाफ्टला गुंडाळली गेली आणि बाहीबरोबर हातही गेला. जीव वाचला, पण उजवा हात खांद्याखाली उरला नाही.

कार्यालयातल्या वहीत एका ओळीत नोंद झाली, ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात.’ खाली साक्षीदार म्हणून अब्बांची सही. मुलाच्या वडिलांच्या हातात काही रुपये ठेवले गेले आणि दुसऱ्या दिवशी भोंगा नेहमीच्या वेळी वाजला.

पुढे बी.ए.ला मी इतिहास घेतला. राजेरजवाडे आणि लढाया वाचताना मला सारखी ती एक ओळ आठवे. वाटे, हिचाही काही इतिहास असेलच. तो जसा सापडत गेला, तसा आज सांगतो आहे.

आमचं कारंजा कापसाच्या इतिहासात लहान गाव नाही. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने इथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला हा असा पहिला बाजार मानला जातो. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळकडे जाणारी छोटी रेल्वे आली. पुढे लोकांनी तिला लाडाने शकुंतला म्हटलं. हे सगळं कशासाठी? मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस रास्त भावात आणि वेळेवर मिळावा म्हणून. कापसाचं वजन बरोबर व्हावं, यासाठी सरकारने इतक्या लवकर नियम केले. त्याच कापसासमोर बसलेल्या हातांचं काय?

हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्यात सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी होती, धोकादायक यंत्राला कठडा घालण्याची सक्ती होती आणि अपघात कळवायची जबाबदारी मालकावर होती. पण कायदा लागू कोणाला? शंभर किंवा जास्त माणसं असतील आणि वर्षात चार महिन्यांहून अधिक काम चालत असेल, अशाच कारखान्याला. जिनाचा हंगाम तो केवढा! दिवाळीला सुरू, होळीच्या आसपास संपला. म्हणजे जिथे थोड्या दिवसांत वर्षाचं काम उरकायची घाई सर्वांत जास्त, तीच जागा कायद्याने बाहेर ठेवली. चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे हंगामी कारखाने कायद्याखाली आले ते १९११ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी.

दरम्यान मुंबईत एक मराठी माणूस याच गोष्टी वेगळ्या बाजूने मांडत होता. नारायण मेघाजी लोखंडे. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक. रविवारची सुटी त्यांच्या प्रयत्नांनी मिळाली, हे आपल्याला ठाऊक असतं. १० जून १८९० हा तो दिवस. पण १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभेत त्यांनी ज्या मागण्या मांडल्या, त्यांत आणखी एक होती. कामावर इजा झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. साडेपाच हजार कामगारांनी त्या निवेदनाला पाठिंबा दिला होता. लोखंडे १८९७ मध्ये गेले. कामगार नुकसानभरपाई कायदा झाला १९२३ मध्ये. मागणी आणि कायदा यांत एकोणचाळीस वर्षं गेली.

हा १९२३ चा कायदा मी पहिल्यांदा वाचला, तेव्हा एका कलमापाशी थांबलो. मालकाची जबाबदारी कधी टळते, ते त्यात सांगितलं होतं. कामगार नशेत असेल, सुरक्षिततेसाठी दिलेला स्पष्ट आदेश त्याने मुद्दाम मोडला असेल किंवा सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढलं असेल, तरच. आणि तेही त्या इजेने मृत्यू आला नसेल तर. साधा निष्काळजीपणा त्या यादीत नव्हताच! माणसाचं लक्ष कधीतरी चुकणार, हे कायद्याने धरून ठेवलं होतं. पण आमच्या जिनात हे कोणाला माहीत होतं? ‘निष्काळजीपणा’ लिहिलं म्हणजे आपला हक्क संपला, असं त्या मुलाच्या वडिलांना वाटलं. अब्बांनाही तसंच वाटलं.

मग १९४८ चा कारखाना कायदा उघडला. फिरत्या यंत्राजवळ तेल घालायचं असेल तर ते खास शिकवलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच करावं, त्याचं नाव वहीत नोंदलेलं असावं आणि त्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत, असं त्यात होतं. ते कपडे कारखान्याने पुरवायचे होते. मी ते वाक्य दोनदा वाचलं. ज्या बाहीने त्या मुलाचा हात नेला, ती बाही कायद्यात होती. ती सैल असू नये, ही जबाबदारी त्याची एकट्याची नव्हती. हे जुने कायदे आता नव्या कामगार संहितांमध्ये गेले आहेत. त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. पण त्या एका वाक्याने मला जे शिकवलं, ते जुनं झालेलं नाही.

माणूस चुकला असं म्हटलं की चौकशी संपते. खरं तर तिथून ती सुरू व्हायला हवी. दुसऱ्या महायुद्धातली एक गोष्ट सांगतो. अमेरिकेची बी-१७ जातीची बॉम्बफेकी विमानं सुखरूप उतरत आणि जमिनीवर आल्यावर वैमानिक चुकून चाकंच आत ओढून घेत. विमान पोटावर आपटे. अहवालात लिहिलं जाई, वैमानिकाची चूक. अल्फॉन्स चपानिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिलं. चाकांची कळ आणि पंखाच्या झडपांची कळ शेजारी शेजारी आणि दिसायला सारखीच होती. त्याने एका कळीवर रबराचं छोटं चाक बसवलं आणि दुसरीवर पाचरीसारखा तुकडा. अंधारात, थकलेल्या हातालाही आता फरक कळू लागला आणि ती चूक थांबली. वैमानिक तेच राहिले, मूठ बदलली.

ही नजर घेऊन मी पुन्हा आमच्या जिनात गेलो, आठवणीतल्या. तो मुलगा आदल्या रात्रीच्या पाळीतही कामावर होता. बोळात एकच मिणमिणता दिवा. तेल घालायला शाफ्ट थांबवा म्हणावं, तर मुकादमांचा आवाज ठरलेला, “मिस्त्री, काय करून राह्यले? गाड्या उभ्या आहेत ना बाहेर!” चालू शाफ्टला तेल घालणारा पोरगा ‘हिमतीचा’ ठरे आणि थांबवा म्हणणारा ‘भित्रा’. खंडेनवमीला आम्ही सगळे मिळून यंत्रांची पूजा करायचो. झेंडूची माळ घालायचो, नारळ फोडायचो. रोज सकाळी अब्बा बिस्मिल्ला म्हणून मोटर सुरू करत. श्रद्धा सगळ्यांची होती. पण बोळाच्या तोंडाशी जी लोखंडी जाळी असायला हवी होती, ती जागेवर नव्हती.

ती जाळी कोणी काढली, हे मला फार उशिरा कळलं. अब्बा अंथरुणाला खिळले होते. एका संध्याकाळी आपणहून म्हणाले, “बेटा, वो जाली मैंने निकाली थी.” पट्टा निसटला की जाळी उघडून आत जायला वेळ लागे. मुकादम म्हणाले, हंगाम संपेपर्यंत राहू द्या बाजूला. अब्बांनी पाने घेतले आणि जाळी काढून भिंतीला टेकवून ठेवली. त्यानंतर दोन आठवड्यांनी अपघात झाला आणि ‘निष्काळजीपणा’च्या खाली त्यांनीच सही केली. नोकरी जाईल या भीतीने. दरवर्षी ईदच्या दुसऱ्या दिवशी ते शिरखुर्म्याचा डबा घेऊन त्या मुलाच्या घरी का जातात आणि तिथे गप्प का बसतात, ते मला त्या दिवशी समजलं.

पण गोष्टीचा दुसरा भाग मी डोळ्यांनी पाहिला आहे. पुढच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी अब्बांनी जाळी परत बसवली. बोळाशी पितळेची घंटा टांगली. नियम केला, आधी घंटा, मग पट्टा. मोटर सुरू करण्याआधी ते कंदील घेऊन स्वतः बोळातून या टोकापासून त्या टोकापर्यंत जात, बाहेर येऊन तीनदा घंटा देत आणि मगच कळ दाबत. तेल घालायचं तर शाफ्ट बंद. मुकादम चिडले, आठ दिवस बोलले नाहीत.

एकदा एका नव्या पोराने ओरडून शाफ्ट थांबवायला लावला. त्याला बोळात कोणीतरी असल्याचा भास झाला होता. आत कोणी नव्हतं. दहा मिनिटं गेली, मुकादम तावातावाने आले. अब्बा सगळ्यांसमोर त्या पोराला म्हणाले, “चांगलं केलंस. पुन्हा वाटलं तर पुन्हा थांबव.” मला वाटतं, जिन खरा बदलला तो त्या वाक्याने. घंटेचा नियम एका माणसाचा होता, त्या दिवसापासून तो सगळ्यांचा झाला. पुढे तर घंटा ऐकल्याशिवाय बाया रेच्यात कापूस घालीनात. अब्बा मालक नव्हते, मुकादमही नव्हते. नेतृत्व म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं तर मी ती दहा मिनिटं सांगतो.

आता तो जिन बंद पडला, बोळ बुजला. पण प्रश्न शेतात आला आहे. आपला जिल्हा आज सोयाबीनचा. मळणीला थ्रेशर येतो, कोणी त्याला हडंबा म्हणतं. थ्रेशरने इतके हात नेले, की १९८३ मध्ये संसदेला धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. घास टाकायचं तोंड लांब आणि वरून झाकलेलं असलं तर हात ड्रमपर्यंत पोचतच नाही, इतका साधा उपाय आहे. पण मळणी पोत्यावर ठरलेली असते, आभाळ भरून आलेलं असतं, रात्र झालेली असते आणि झाकण ‘अडतं’ म्हणून काढून ठेवलेलं असतं. ती आमची जाळीच!

२०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पोचली. तेव्हाही ऐकू आलं, हातमोजे घातले नाहीत, तोंडाला बांधलं नाही. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, ऑक्टोबरचं ऊन, दोन-तीन औषधं एकत्र करायला सांगणारा कोणीतरी आणि रोजंदारी. एवढं सगळं एका ‘निष्काळजीपणा’ या शब्दात बसवायचं?

म्हणून या हंगामात एक करा. थ्रेशर सुरू करण्याआधी शेताच्या मालकाने स्वतः झाकण जागेवर आहे का, ते पाहावं. कामावरच्या सगळ्यांत लहान मजुराला सगळ्यांसमोर सांगावं, तुला काही खटकलं तर ‘थांबव’ म्हण, मी रागावणार नाही. आणि तो उगाच ‘थांबव’ म्हणाला, तर खरंच रागावू नये.

अब्बांची पितळी घंटा माझ्याकडे आहे. ज्याचा हात गेला, त्याच्या घरी ईदच्या दुसऱ्या दिवशी आता मी जातो. कायदा वाचल्यावर एकदा धीर करून त्याला म्हणालो, भाऊ, तुमचा हक्क होता, वहीतली ती ओळ खोटी होती. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “हे तेव्हाच कोणी बाबाला सांगायला पाहिजे होतं.”

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)